घोड्याची पाठ आणि हलका हात: कायरोप्रॅक्टिक शिकताना कळलेलं

विभाग: गुरंढोरं आणि घोडी

वडगावची_लेक (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

"अक्का, घोड्याचा मणका बसवता म्हणं तुमी?" असे फोन हल्ली बरेच येतात. कुणी हुक्केरीहून, कुणी गोकाकहून. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट. आजोबांचा टांगा होता, त्यामुळे घोडं घरचंच. सध्या एका पशुवैद्य बाईंच्या हाताखाली घोड्यांच्या मणक्यांची आणि सांध्यांची हलक्या हातानं करायची देखभाल शिकते आहे. तिला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. मूळ विद्या माणसांची. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी ती १८९५ मध्ये सुरू केली. बहुतेक सगळे आजार मणक्यातून येतात असा त्यांचा दावा होता, तो आज मला शिकवणाऱ्या बाई मानत नाहीत आणि मीही मानत नाही. जनावरांसाठी ही विद्या शिस्तीत आणली ती शॅरन विलोबी यांनी. त्या पशुवैद्यही होत्या आणि कायरोप्रॅक्टरही. १९८९ मध्ये तिकडे या कामाची संघटना उभी राहिली.

आता कायद्याचं बोलते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावराचं निदान आणि इलाज नोंदणी असलेल्या पशुवैद्यानंच करायचा. म्हणून माझी गाठ आधी डॉक्टरांशी, मग घोड्याशी. बाई घोडं तपासतात, चालवून बघतात, ताप, दात, खूर, सगळं. त्यांनी सांगितलं तर त्यांच्या देखत माझे हात लागतात. नेमका झटका देऊन सांधा मोकळा करायचा असेल तर ते त्या स्वतः करतात. माझ्याकडे दाब, ताण आणि हालचाल एवढंच.

घोड्याच्या मानेत ७ मणके, बरगड्यांचे १८, कमरेचे ६, त्यामागे एकमेकांत सांधून एक झालेले ५, आणि शेपटीचे पंधरा ते एकवीस. बरगड्यांच्या भागात पाठ फारशी वाकत नाही, आणि खोगीर नेमकं तिथंच बसतं. वर-खाली वाकणं जास्तीत जास्त होतं ते कमरेचा शेवटचा मणका मागच्या एकसंध हाडाला मिळतो त्या सांध्यात. घोडं मागचे पाय पोटाखाली ओढून घेतं ते या सांध्याच्या जोरावर. पुढच्या पायांची गोष्ट आणखी नवलाची. घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय आणि धड यांच्यात हाडाला हाड असं कुठंच जोडलेलं नाही, धड दोन्ही खांद्यांच्या मध्ये नुसत्या स्नायूंवर तोललेलं असतं. उभ्या घोड्याच्या वजनापैकी साधारण ६० टक्के पुढच्या पायांवर येतं. त्यामुळे पाठीची तक्रार घेऊन आलेल्या घोड्याचं दुखणं खांद्यात किंवा खुरात निघतं, आणि लंगडणाऱ्याचं कधी पाठीत.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते लिहिते. घोडं बांधायचं नाही. ओळखीच्या माणसानं काढणी सैल धरायची. पहिला हात खांद्यावर, तोंडाकडे नाही. पंजा पसरून ठेवायचा, दाब एवढाच की हाताबरोबर कातडी सरकेल. मग कण्यापासून चार बोटं बाजूला राहून खांद्यामागून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश जायचं. एखाद्या जागी पाठ एकदम खाली दबते, कान मागं जातात, शेपूट फटकते. कातडी थरथरली म्हणून घाबरायचं नाही, माशी बसली तरी ती थरथरते. आतला जाड स्नायू बोटांखाली आवळला तर ती जागा लक्षात ठेवायची. दोन्ही बाजूंनी तपासायचं, कारण एकाच बाजूला आवळत असेल तर त्याचा अर्थ वेगळा.

अशा जागी दाब वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. हात तिथंच ठेवून घोड्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. पापण्या जास्त लवायला लागतात. खालचा ओठ सुटतो. मग जीभ फिरवतं, रिकामंच चघळतं, एखादं तोंड वाकडं करून भली मोठी जांभई देतं. अमेरिकेतल्या जिम मास्टरसन यांनी आपली सगळी पद्धत याच खुणांवर उभी केली आहे. मला स्वतःला हे शिकायला सगळ्यात जड गेलं, कारण माणूस पेशंट तोंडानं सांगतो, "जरा खाली, हां तिथंच." इथं डोळ्यांनी ऐकायचं.

काही विचारायचं असेल तर विचारा.


शहापूरचा_मास्तर

ताई, लेख आवडला. पण एक शंका मनापासून विचारतो. चारशे-पाचशे किलोचं जनावर, पाठीवर वीतभर जाडीचा स्नायू. माणसाच्या हातानं त्याचा मणका कसा हलणार? आणि मणका सरकला असेल तर ते घोडं उभं तरी राहील काय? मला हे सगळं माणसांच्या समाधानासाठी चालतं असं वाटतं.


वडगावची_लेक (बेळगाव)

मास्तर, शंका रास्त आहे. तुमचं म्हणणं अर्धं मला शंभर टक्के मान्य. मणका सरकत नाही. खरोखर जागचा हलला तर मज्जारज्जू दबेल, घोडं आडवं होईल, आणि तिथं हातांचं काय काम? "मणका सरकलाय, बसवून देतो" असं म्हणणाऱ्याला घोड्याजवळ येऊ देऊ नका.

प्रत्येक दोन मणक्यांमध्ये वरच्या अंगाला दोन छोटे सांधे असतात. जुन्या दाराची बिजागरी जाम व्हावी तसे ते जाम होतात. दार चौकटीतून निघालेलं नसतं, नुसतं पूर्ण उघडत नाही. असं का होतं? कुठंतरी दुखतं म्हणून कण्याला चिकटून असलेले खोल स्नायू त्या जागेला हलू देत नाहीत. दुखणं गेलं तरी ती सवय राहते, आणि न हलल्यामुळे तेच स्नायू झिजतात. हातांनी आपण हाड ढकलत नाही. सांध्याला त्याच्या हद्दीतली हालचाल पुन्हा करून दाखवतो आणि स्नायूला धरलेलं सोडायला वेळ देतो. म्हणून ताकद लागत नाही, दिशा लागते.

पुरावा किती, हेही सांगते. पाठीवर किती दाब दिला की घोड्याला दुखतं हे मोजायचं यंत्र असतं. कायरोप्रॅक्टिकनंतर घोडी जास्त दाब सोसतात, पाठीची हालचाल थोडी सुधारते, असं अभ्यासांत दिसलं आहे. ते अभ्यास लहान आहेत, आणि परिणाम किती काळ टिकतो याबद्दल मोठं बोलण्यासारखं त्यांत काही नाही. पोटाचे, श्वासाचे, वांझपणाचे इलाज यातून होतात असं कुणी म्हटलं तर ते खोटं.

माझ्या मते जास्त भरवशाचा पुरावा व्यायामाचा आहे. मिशिगनमध्ये हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक अभ्यास छापला. ८ घोड्यांना ३ महिने, आठवड्यातले ५ दिवस, गाजराच्या मागं मान वळवायला लावली. छातीकडे, गुडघ्यांमध्ये, खाली खुरांकडे, मग बाजूला बरगडीकडे आणि मांडीकडे. सोनोग्राफीत कण्याजवळचे ते खोल स्नायू जाड झालेले दिसले. गाजर आपल्या भागात काय कमी आहे? हे कुणालाही करता येईल. फक्त गाजर हिसक्यानं ओढायचं नाही. घोड्यानं सावकाश यायचं, क्षणभर थांबायचं, मग खायला द्यायचं. आणि बोटं सांभाळा.


मेंढका (रायबाग)

अक्का नमस्कार. आमी धनगर. पाऊस सरला की मेंढरं घिऊन भायर पडतो, बिऱ्हाड सगळं तट्टांवर असतंय. भांडी, मुक्कामाला उभारायचा पाल, कोंबड्या, ल्हान कोकरं, कदी कदी पोरगंबी. आमची चंद्री म्हणून घोडी हाय, तिची पाठ मदी दबल्यागत झालीया आन् चालताना मागचा उजवा पाय आत टाकतीया. खोगीर घालताना मान वर करून उभी ऱ्हाती. हे तुमच्या हातानं नीट हुईल काय?


वडगावची_लेक (बेळगाव)

दादा, चंद्रीला हात लावण्याआधी तुमच्याकडून चार गोष्टी कळू देत.

पाठीवर जखम, केस गेलेली जागा, किंवा एखाद्या ठिकाणी पांढरे केस उगवलेत का? कातडीवर वर्षानुवर्षं दाब आला की तिथं केस पांढरे येतात. खोगीर घालून खालून बघा, बरोबर कण्यावर टेकतंय का? कण्याच्या दोन्ही बाजूंना भार यावा आणि मधे हात सरकेल एवढी पोकळी असावी. ओझं उतरवल्यावर लगेच घाम कुठं आलाय बघा. सगळी पाठ ओली आणि मधेच दोन कोरडे डाग असतील तर तिथं दाब फार येतोय. आणि चौथं, दोन्ही बाजूंचं ओझं वेगवेगळं तराजूवर घाला. मला वाटतं उत्तर तिथंच निघेल, कारण भांडी एका बाजूला आणि कपडे एका बाजूला असं आपल्याकडं सगळेच बांधतात.

ओझ्याबद्दल सरकारी नियम आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यात तट्टाला ७० किलो आणि खेचराला २०० किलो अशी हद्द घातली आहे. खोगीर, पाल आणि वर बसलेलं पोर धरून ७० च्या आत बसतंय का बघा.

हे सुधारल्याशिवाय मी चंद्रीच्या पाठीला हात लावला तर तिला दोन दिवस बरं वाटेल, तिसऱ्या दिवशी तेच ओझं त्याच जागी बसेल. तुम्ही मला पैसे द्याल आणि तिला काहीच मिळणार नाही.


गुरांचा_डॉक्टर (चिकोडी)

वडगावच्या ताईंनी आधी पशुवैद्य असं लिहिलं, बरं वाटलं. त्यात माझी भर. पाठ ताठ झालेलं प्रत्येक घोडं पाठीचं नसतं. खालची लक्षणं दिसली तर मालिश, ताण, दाब काहीही करू नका, आम्हाला बोलवा.

सगळं अंग ताठ, शेपूट किंचित वर, कान उभे, चघळता येत नाही, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा डोळ्यावर येतो. हा धनुर्वात. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि एवढासा खिळा त्याला पुरतो. अशा घोड्याला अंधारात, आवाजापासून दूर ठेवायचं. तिथं पाठ चोळत बसलात तर झटके वाढतात. लस स्वस्त आहे आणि नियमाने टोचून घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

मागचा भाग डोलतो, पाय कुठं पडतोय ते घोड्याला कळत नाही, अधूनमधून ताप, अंग उतरत चाललंय, पोटाखाली सूज. आपल्याकडं यात सर्रा आधी तपासावा लागतो. रक्तातला परजीवी आहे, चावणाऱ्या माशांमधून पसरतो. पावसाळ्यानंतर माश्या वाढतात तेव्हा विशेष लक्ष ठेवा. रक्ताचा थेंब तपासला की बऱ्याचदा कळतं, आणि औषध आहे.

शर्यतीनंतर किंवा मोठ्या कामानंतर पुठ्ठे दगडासारखे होतात, घोडं पाऊल टाकत नाही आणि लघवी चहाच्या रंगाची. स्नायू तुटून त्यातला रंग मूत्रपिंडात उतरतो. चालवू नका, चोळू नका, पाणी पाजा आणि फोन करा.

पुढचे पाय पुढं टाकून सगळा भार मागं घेऊन उभं राहतं, खूर हाताला गरम लागतात. हे खुरातलं दुखणं. एकदम जास्त धान्य खाल्ल्यावर होतं. पाठ ताठ दिसते ती त्यामुळे.

मेंढका भाऊ, चंद्रीचा पाय आत पडतोय म्हणता, तर तिचं रक्त आधी तपासून घेऊ. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात आणा, किंवा मेंढरांचा वाडा कुठं बसलाय ते कळवा.


नालबंद (संकेश्वर)

सलाम सगळ्यांना. माझा पिढीजात धंदा नालाचा. एकच सांगतो, खूर बघितल्याशिवाय पाठीला हात लावू नका. पुढचा नख लांब वाढलेला आणि टाच बसलेली असली की घोड्याला पाऊल उचलायला उशीर होतो. मग खांदा ओढतो, खांद्यामागं पाठ ओढते. सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापलाच पाहिजे. आमच्याकडे नाल झिजून पडला की मग घोडं आणतात, तोवर खूर पार वाकडा झालेला असतो. दोन्ही पुढचे खूर शेजारी ठेवून बघा, एक उभट आणि एक पसरट दिसला तर मला आधी बोलवा, ताईंना मग.


वडगावची_लेक (बेळगाव)

चाचा, अगदी मनातलं बोललात. मी बाईंबरोबर जाते तिथं आम्ही खुरापासूनच सुरुवात करतो. तुमच्याकडून एकदा खूर हातात धरून शिकायचं आहे, येऊ का संकेश्वरला?


नालबंद (संकेश्वर)

या की बेटा. शुक्रवार सोडून कधीही.


वरातीवाले (निपाणी)

आमच्याकडे वरातीसाठी घोडी आहेत. एक पांढरी घोडी, नाचात तयार. यंदाच्या लग्नसराईत तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येऊ लागली. आधी असं नव्हतं. वरातीत नाचते तेव्हा ठीक, पण नंतर दोन दिवस मान खाली घालत नाही, तोबराही वर धरून द्यावा लागतो. मालिश केली, तेल लावलं. एकाने सांगितलं दोरीनं मान पिळून काढतो, कट् आवाज आला की मोकळी होईल. करावं का?


वडगावची_लेक (बेळगाव)

नाही. हात जोडून सांगते, मान पिळू देऊ नका. दोरी लावून पूर्ण ताकदीनं मान ओढली तर मानेच्या सांध्यांना आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आणि कट् आवाजाला काहीही अर्थ नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणून काही जागेवर बसलं असं होत नाही आणि नाही आला म्हणून काम झालं नाही असंही नाही.

आता घोडीबद्दल. वरातीत ती काय करते ते क्षणभर बघा. लगाम आखडून हनुवटी छातीला लावलेली, डांबरी रस्ता, नाल घसरतोय, कानाशी बँड आणि फटाके, पाठीवर नवरदेव, आणि अशात जागच्या जागी उड्या. मान आखडली की पाठ मोकळी राहत नाही, भार मागं जातो आणि मघाशी लिहिलेल्या त्या कमरेच्या सांध्यावर सगळं येतं. दोन दिवस मान खाली न जाण्याचं मला याहून वेगळं कारण दिसत नाही.

लगामाची कडी काढून हातावर फिरवून बघा. काटे किंवा टोकं असली तर ती कडी आजच फेकून द्या. १९६५ च्या त्याच नियमांत काटेरी, टोकदार लगामाला बंदी आहे. ओठांच्या कोपऱ्यात आणि हिरडीवर, जिथं दात नसतात तिथं, जखम आहे का तेही पाहा.

तंगाला चावण्याबद्दल डॉक्टरांनी लिहावं, ते नुसतं पाठीचं नसावं.


गुरांचा_डॉक्टर (चिकोडी)

बरोबर. तंग आवळताना चावणं, पोटाकडे वळून बघणं, यात जठरातल्या जखमा असू शकतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. लग्नसराईत सकाळपासून सजवून उपाशी उभं केलं की ते आम्ल थेट अस्तरावर. वरातीला निघण्याआधी चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, नाही, पण गवत नक्की खाऊ घाला. दातही तपासून घेऊ, गालाकडची धार वाढली की लगाम लागतो आणि मान वर जाते.


वरातीवाले (निपाणी)

कडी काढली. आतून दोन गाठी आहेत धारदार. मुलीकडच्यांना नाचच हवा असतो हो ताई, नाचली नाही तर पैसे कापतात. पण घोडी गेली तर धंदाच गेला. साधी कडी बसवतो. डॉक्टर, रविवारी आणू का?


गुरांचा_डॉक्टर (चिकोडी)

आणा. सकाळी, उन्हाआधी.


शर्यतप्रेमी (हुक्केरी)

ताई, मी सरळ विचारतो. घोडागाडीच्या शर्यतीआधी असं काही केलं तर घोडं जास्त पळतं का? तुमची फी काय?


वडगावची_लेक (बेळगाव)

दादा, शर्यतीआधी मी घोड्याला हात लावत नाही आणि बाईही लावत नाहीत. दुखणं हा घोड्याकडचा एकच ब्रेक आहे. तो तेवढ्यापुरता सैल करून त्याला जुंपलं तर जिथं थांबायचं तिथं ते थांबणार नाही, आणि त्याच्या पायाचं जे व्हायचं ते रस्त्यावर होईल. हे मी कोणत्याही फीला करणार नाही.

तुमचं घोड्यावर प्रेम आहे हे तुम्ही विचारलंत त्यावरूनच कळतं. म्हणून दुसरी गोष्ट सुचवते. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी घोड्याच्या दुखण्याच्या वागणुकीतल्या २४ खुणांची यादी केली आहे. स्वार बसलेल्या घोड्यात त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर कुठंतरी दुखतंय असं धरून तपासायचं. कान बराच वेळ मागं, डोळा ताणलेला, तोंड उघडं, डोकं सतत हलवणं, शेपूट एका अंगाला धरणं, मागचे दोन्ही पाय वारंवार घसटणं. यादी स्वारीच्या घोड्यांसाठी केलेली असली तरी यातल्या बऱ्याच खुणा गाडीच्या घोड्यातही दिसतात. सरावाच्या वेळी कुणालातरी बाजूनं व्हिडिओ घ्यायला सांगा आणि नंतर घरी शांतपणे फक्त तोंड बघा, पाय नाही. बघायला एकदा डोळा तयार झाला की तुम्हाला तुमचं घोडं वेगळंच दिसेल.


शहापूरचा_मास्तर

ताई, माझ्या शंकेला इतकं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. एक विचारतो, आमच्याकडे हाडवैद्य होते, गुरांचे पाय बांधायचे, शेक द्यायचे. तुम्ही करता त्यात आणि त्यात फरक तो काय?


वडगावची_लेक (बेळगाव)

मास्तर, त्यांच्या हातात बरंच होतं. शेकानं स्नायू सैल होतो हे मी दवाखान्यात रोज वापरते. हातानं चाचपून सूज, ऊब ओळखण्यात काही हाडवैद्य फार तयार असायचे. फरक निदानाचा. हाड तुटलंय की मुरगळलंय, आत ताप आहे की नाही, हे हातानं ठरवता येत नाही, आणि चुकीच्या घोड्याला बरोबर हात लागला तरी नुकसानच. दुसरा फरक जोराचा. चार माणसांनी धरून केलेलं काम घोडं सहन करतं, पण स्वीकारत नाही. घोड्याला निघून जायची मोकळीक असली तरच त्याच्या अंगातली आवळ सुटते. मी काम करताना घोडं दोन पावलं सरकलं तर मी हात काढते, सरकू देते आणि ते परत उभं राहिलं की पुन्हा सुरू करते.


बारावी_सायन्स (खानापूर)

ताई, मला हेच शिकायचं आहे. कुठं शिकता येईल? आई म्हणते घोड्यांचं शिकून पोट भरणार का.


वडगावची_लेक (बेळगाव)

बाळा, सरळ वाट एकच, नीट पास हो आणि पशुवैद्यकला जा. बाहेरच्या देशांतले घोड्यांच्या कायरोप्रॅक्टिकचे मान्यताप्राप्त वर्ग पशुवैद्यांना आणि माणसांच्या कायरोप्रॅक्टरनाच घेतात, दोनशेहून जास्त तासांचं शिक्षण असतं आणि वर परीक्षा. बारावीनंतर थेट असं काही कुणी विकत असेल तर फसू नकोस. आपल्या जिल्ह्यात अथणीकडे कोकटनूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बेंगळूरला हेब्बाळचं जुनं, महाराष्ट्रात शिरवळ आणि परळ. आईला सांग, पशुवैद्याचं पोट गाय-म्हशीवरही भरतं, घोडी मनासाठी.

आजपासून करण्यासारखं मात्र खूप आहे. जिथं घोडं असेल तिथं परवानगी घेऊन खरारा कर. हातानं, रोज, एकाच घोड्याला. कुठल्या जागी त्याला आवडतं, कुठं ते आखडतं, डाव्या-उजव्यात काय फरक, हे वहीत लिहीत जा. पोटाखाली, पुढच्या पायांच्या मागं बोटांनी हलकं वर खाजवलं की घोडं पाठ किंचित उचलतं. ते एकदा डोळ्यांनी बघ. पाठ कशावर उचलली जाते ते कुठल्याही चित्रापेक्षा लवकर कळेल. मात्र बाजूला उभी राहून, पायांच्या टप्प्याबाहेर, आणि मोठं माणूस जवळ असू दे.


मेंढका (रायबाग)

अक्का, तराजूवर घातलं. उजव्या अंगाला ४१ किलो, डाव्या अंगाला २६, आन् वर पाल वेगळा. म्हातारी म्हणती आमी असंच बांधत आलोय. भांडी दोन्हीकडं वाटली. पाल दुसऱ्या तट्टावर घातला. खोगराच्या मदी बरोबर कण्यावर गोणपाट जाड झालं हुतं, त्ये काडून दोन्ही अंगाला गाद्या शिवून घेतल्या. रक्ताला डॉक्टर सायबांनी नेलंया, अजून सांगायचं हाय. पांढरं क्यास हायती, उजव्या अंगालाच. आता पुडं काय?


वडगावची_लेक (बेळगाव)

फार चांगलं केलंत. रक्ताचं कळेपर्यंत तिच्या पाठीवर काही घालू नका, नुसतं मोकळं चालू द्या. रक्त चांगलं निघालं तर बाई आणि मी येतो. वाडा तेव्हा कुठं असेल ते सांगा.

तोवर एक व्हिडिओ पाठवा. कडक, सपाट जागा निवडा, नांगरट नको. पोराला काढणी सैल धरून चालवायला सांगा, मान मोकळी राहू दे, काढणी ओढून धरू नका. एकदा तुमच्यापासून सरळ लांब, मग सरळ तुमच्याकडं, मग दोन्ही बाजूंनी आडवं. मोबाइल तिच्या पोटाच्या उंचीवर धरा. नंतर डावीकडे आणि उजवीकडे लहान गोल वळवून घ्या, मागचे पाय एकमेकांसमोरून ओलांडून पडतात की घसटतात ते मला बघायचं आहे. शेवटी चार पावलं मागं सारा. सकाळी घ्या, कामाआधी.


मेंढका (रायबाग)

घेतो. सकाळी पोरगं शाळंला जायच्या आदी काडतो आन् हितंच टाकतो.


गुरांचा_डॉक्टर (चिकोडी)

मेंढका भाऊ, रक्ताचा निकाल आला. सर्रा नाही. थोडं रक्त कमी आहे, जंताचं औषध आणि खनिज मिश्रण लिहून देतो. धनुर्वाताची लस सोबत घेऊन येतो, तुमच्या सगळ्या तट्टांना एकदमच टोचू. ताई, तुम्ही आणि बाई कधी मोकळ्या आहात ते कळवा, एकाच दिवशी जाऊ.


वडगावची_लेक (बेळगाव)

डॉक्टर, पुढच्या आठवड्यात गुरुवारी जमेल. बाईंना विचारून आज रात्री नक्की करते. दादा, त्या दिवशी चंद्रीला सकाळी कामाला लावू नका, आणि गाजरं आम्ही आणतो.